दारातला ओळंबा

प्रिय दादा,

फोनवर बोलायला गेले की मी भलतीकडेच सुटते, म्हणून हे कागदावर.

बाबा कसे आहेत, विचारलंस. त्यांनी दाराच्या चौकटीला त्यांचा ओळंबा टांगलाय. तोच, भिंत सरळ आलीय का ते बघायचा, दोरीला वजन लावलेला. घर फिरायला लागलं की खाटेवर बसून त्याच्याकडे टक लावून बघतात. म्हणतात, हा एकटाच खरं बोलतो. तीस वर्षं परांचीवर उभं राहिलेला गवंडी आता बाथरूमपर्यंत भिंत धरून जातो, आणि वर जोक मारतो, की ही भिंत मी बांधलेली नाही, काय भरवसा! आई हसत नाही.

किती दवाखाने झाले तुला माहितीच आहे. एक म्हणाला ॲसिडिटी, दुसरा म्हणाला मान, तिसऱ्याने स्कॅन नॉर्मल बघून टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. मग मीच वाचत सुटले. कानाच्या आत तीन नळ्या असतात दादा, इत्तुशा, आणि त्यांच्या जिवावर अख्खा माणूस उभा असतो! भारी आहे ना? पण त्या तपासणाऱ्या डॉक्टर एकच, आठवड्यातून एकदाच बसतात, तेही इथून सात तासांवर. पाच महिन्यांनंतरची डेट मिळाली. मी घरात हिरो.

डेटच्या दिवशी, जाताना बसमध्ये दुसऱ्याच वळणाला बाबा पांढरे पडले. दोनदा उलटी झाली. खिशातून चक्करेची गोळी काढून त्यांनी मला विचारलं, आज चालेल ना गं? मी म्हटलं, घ्या हो, मी सगळं वाचलंय.

काल आई म्हणाली, तू सोमवारी रजा टाकून हॉस्पिटलात भांडायला जाणारेस, तपासणीचं मशीन बंद कसं ठेवलं म्हणून. जाऊ नकोस. मशीन चालू होतं. डॉक्टरबाईंनी पहिलंच विचारलं, गोळी कधी घेतली? त्या गोळीने कान गप्प बसतो, टेस्टमध्ये काही दिसतच नाही. तीन दिवस आधी बंद करायची होती. डेटच्या मेसेजमध्ये होतं, इंग्रजीत, कागदपत्रांच्या लांबलचक यादीच्या खाली. घरातलं इंग्रजी सगळं माझ्याकडे येतं ना? मी तारीख बघून नाचले, खाली गेलेच नाही. पुढची डेट सात महिन्यांनी. परतताना बाबाच म्हणाले, दादाला मशीन बंद होतं सांगू, नाहीतर तुला ओरडेल. ओरड ना रे. परवा उठून, भिंत धरत, बाबांनी ओळंब्याची दोरी वीतभर खाली सोडली. आडवं पडल्यावरही दिसावा म्हणून.

तुझीच,
भोंगा