कापूस आणि नीलगिरीचं तेल

४ मार्च

कापूस – एरवी पायांत घोटाळणारी आमची ही मांजर – आज सोफ्याखालून बाहेर येईना. वाटीतलं खाणं तसंच. बाबा म्हणाले, "लहर फिरली असेल तिची."

घरभर नीलगिरीचा भपकारा. माझी सर्दी हटावी म्हणून बाबांनी हॉलमध्ये तेलाच्या वाफेचं यंत्र लावलंय. दिवसभर चालू. डोळे चुरचुरतात, पण बोलवत नाही. किती हौसेने आणलंय त्यांनी.

५ मार्च

सकाळी कापूसच्या तोंडातून लाळेच्या तारा. मागचे पाय लटपटत होते. टोपलीत घालून धावले.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी तिचे केस हुंगले. "घरात कसलं तेल वापरता?" मांजराच्या यकृताला ही तेलं झेपत नाहीत म्हणे. हवेतले बारीक थेंब केसांवर बसतात, ती अंग चाटते, सगळं पोटात. "यंत्र बंद, खिडक्या उघड्या, बाटल्या कपाटात कुलूप लावून. आणि अंगाला तर कधीच लावू नका." सलाईन लावून ठेवून घेतलंय.

घरी येऊन बाबांवर ओरडले. "किती टाकत होता?"

"अर्धी बाटली."

"चार थेंब लिहिलंय त्यावर!"

ते चष्मा पुसत राहिले.

६ मार्च

लाळ थांबली. बाबा दोनदा दवाखान्यात जाऊन आले, मला न सांगता.

८ मार्च

कापूस घरी. पडदे, अभ्रे, सगळं धुऊन काढलं. बाबा तिच्या टोपलीशेजारी जमिनीवरच बसले होते. मी चहा ठेवला, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वासच येत नव्हता गं. वाटलं तेल भेसळीचं आहे, म्हणून वाढवत गेलो."

"कधीपासून येत नाही?"

"झाली दोनेक वर्षं. तुला कशाला घोर लावायचा?"

तीस वर्षं बेकरी चालवली या माणसाने. भट्टीचं दार न उघडता पाव झाला की नाही ते सांगायचे. दुकान एकाएकी विकलं, तेव्हा कंटाळा आला म्हणाले होते. मी खरं मानलं.

कापूस त्यांच्या मांडीवर चढली. मी शेजारी बसले.

२१ मार्च

बाबांना वास का येत नाही ते विचारायला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. वास जाणं, बोटांची बारीक थरथर – कंपवाताची सुरुवात आहे. लवकर कळलं, औषधं आजपासून.

बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना बाबांनी माझा हात धरला.