वरची माती

प्रिय धाकट्या,

आई गेल्याचं तुझ्या वहिनीने कळवलं होतं. तू आला नाहीस. जमलेल्यांनी तुला नावं ठेवली आणि मी खाली मान घालून ऐकत राहिलो. अकरा वर्षं झाली तू उंबरा ओलांडून. आता तरी येशील का, हे विचारायला कितीदा कागद घेतला आणि ठेवून दिला.

माझं काम तेच. पाठीवर मातीच्या पिशव्या, हातात पानं मोजायची पट्टी, आणि पुढे संशोधनवाल्या बाई. केस पांढरे झाले तरी टेकडी माझ्याआधी चढतात. जंगलात शंभर जातींची झाडं, पण टेकडीवरच्या हलक्या मातीत पानं जाड, चिवट, तीन-तीन वर्षं टिकणारी. ओढ्याकाठच्या कसदार मातीत पातळ, रुंद, वर्षाच्या आत गळणारी. तू म्हणायचास, टेकडीवरचं झाड म्हणजे आपली आई, एक चप्पल सात वर्षं पुरवणार; ओढ्याकाठचं म्हणजे साहेबांचा जावई. बाईसुद्धा हसायच्या. ज्याला जेवढं मिळालं तेवढ्यात कसं जगावं, हे देवाने पानापानाला शिकवलंय असं वाटतं, आणि नकळत हात जोडले जातात.

तू गेलास त्या वर्षी मात्र माती तपासली तेव्हा सगळं उलटं आलं. चिवट पानांखाली कसदार माती निघाली. बाई चक्रावल्या. पिशव्यांवरचं अक्षर तुझं होतं. सगळे तुझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणालो, याचं कामात लक्षच नसतं. तू हातातली पेन्सिल टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलास, कामावरून आणि घरातूनही.

प्रत्येक खड्ड्यातून दोन पिशव्या भरायच्या होत्या, एक वरच्या थराची, एक खालच्या. मी वहीत नुसतं ‘वरची’ आणि ‘खालची’ लिहिलं होतं. तू विचारलंस, दादा, वरची म्हणजे टेकडीवरची ना? मी पानं मोजत होतो. आकडा चुकेल म्हणून वर न बघताच म्हणालो, हो रे बाबा, लिही पटापट. दोन्हीकडच्या वरच्या थराची काळी, कसदार माती तू टेकडीच्या नावावर टाकलीस, खालची फिकी ओढ्याच्या. मी सांगितलं तसंच केलंस. हे मला तू गेलास त्याच संध्याकाळी आठवलं. बायकापोरं होती, नोकरी जाईल अशी भीती वाटली. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत अकरा वर्षं गेली.

काल बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी त्याला लिहा. म्हणून लिहितोय, पण खरं कारण वेगळंच आहे. शेवटच्या दिवशी आईने माझा हात धरला आणि म्हणाली, तू मोठा आहेस, धाकट्याला माफ कर. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, केलं, आई. ती समाधानाने गेली. तेव्हापासून प्रार्थनेला बसतो, पण ओठ हलत नाहीत.

तुझाच,
दादा