शिंगाळ्याच्या पिशवीवरची वीज

मालवण, रविवार

ती. विराजदादा यांस,

धाकट्या गौरजाचा नमस्कार. आई बरी आहे, तुझं मांजरही बरं आहे (आईपेक्षा जरा जास्तच). तुझी तब्येत कशी आहे ते खरं कळव. फोनवर तू 'बरो आसंय' म्हणतोस आणि मोकळा होतोस, म्हणून हा कागद खर्ची घातला.

तर आम्ही कॉलेजातर्फे समुद्रातून वीज काढतो आहोत. तू तिकडे मस्कतला वीज खर्चून खाऱ्या पाण्याचं गोडं करतोस, आमचं नेमकं उलट. एका बाजूला दांडीच्या किनाऱ्यावरचं पाणी, दुसऱ्या बाजूला विहिरीचं, मध्ये मीठ अडवणारा पातळ पडदा. गोडं पाणी पडद्यातून खाऱ्याकडे ओढलं जातं, नळीत चढतं, वरून चाकावर पडतं, चाक फिरतं आणि दिवा लागतो (कागदावर लागतो). तसला पडदा कॉलेजात कुठला? तेव्हा माझी मैत्रीण अक्षदा (तिची आई बाजारात मासे विकते) म्हणाली, "शिंगाळ्याच्या पोटातली हवेची पिशवी लाव गो, पातळ आसा." लावली. आणि दादा, नळीतलं पाणी खरंच चढायला लागलं! चाक अजून वीतभर वर होतं, पण आम्ही दोघी आपल्या घरच्या पडवीत नाचलो. सरांना घेऊन येतो तर यंत्र आडवं, पिशवी गायब आणि तुझं मांजर मिशा चाटतंय. बरं, चोरी त्याची नव्हे. आईनेच पिशवी सोडवून त्याला वाढली होती! मी ओरडले, तर मलाच म्हणाली, "विराजाचा माजर ता. तेका उपाशी ठेवू?" सर चहा पिऊन गेले.

गणपतीत तू म्हणालास, तिकडे खाऱ्या पाण्यावर पगार मिळतो, इकडे काय मिळतं? त्यासाठीच हा सगळा खटाटोप. इथल्या पाण्यावर एक दिवा जरी लागला तरी तू परत येशील, असं मी धरून चालले आहे. तुझी फार आठवण येते रे. घरात भांडायला कोणी नाही, आणि मांजर उलट उत्तर देत नाही.

तुझी,
गौरजा

ता. क. : तुमच्या कारखान्यात असलेच पडदे जुने झाले की टाकून देतात म्हणे. त्यातला एक तुकडा हवा आहे.

आणखी ता. क. : कुरियरने पाठवू नकोस. सुकला की फुकट जातो, ओला ठेवून हातानेच आणावा लागतो, असं सर म्हणाले.

शेवटचं : सर असं काही म्हणाले नाहीत. पडदा नाही मिळाला तरी ये.