रेश्माचा बजर

मंगळवार, नेकनूर

आज कुणाच्या तरी थोबाडीत द्यायला हवी होती मी. कुणाच्या? माझ्याच?

विज्ञान केंद्रात मीच पोरांना सांगितलं, घरातली एक अडचण शोधा आणि तिच्यावर यंत्र बनवा. वस्तीवरच्या रेश्मानं बजर बनवला. बटण दाबलं की वस्तीभर ऐकू जाईल असा. घरात शेळ्या, म्हणजे शेळ्यांसाठीच, असं मी धरून चालले. वस्तीवर सांगूनही आले, हा वाजला की लांडगा आलाय समजा, काठ्या घेऊन धावा.

काल दिवेलागणीला वाजला. माणसं काठ्या घेऊन धावली. आत रेश्माचा बाप तिच्या आईला कुऱ्हाडीच्या दांड्यानं झोडत होता. आईचं डोकं फुटलेलं. "लांडगा न्हाई रं, चला," म्हणत सगळे परत फिरले. हातात काठ्या असून!

मग बापानं बजर ठेचला. त्याच दांड्यानं, बटण दाबणारी रेश्माची बोटंही.

आज ती सुजलेला हात घेऊन केंद्रात आली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नीट वाजला नाही का गं?"

"न्हाई ताई, लई चांगला वाजला. समद्यांला ऐकू गेला."