पिंपावरची रेघ

मंगळवार, १२ मे १९९२
मीरा रोड

नळ तीन दिवसांनी एकदा येतो आणि पॅसेजमधल्या आमच्या पिंपातलं पाणी घरी कुणी नसताना रोज चार बोटं उतरतं. माझा संशय शेजारच्या हंसाबेनवरच. या उन्हातही तिची तुळस हिरवीगार कशी? म्हणून सकाळी पिंपाच्या आत, पाण्याला लागून खिळ्याने रेघ ओढली.

संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या झाकण उचललं, तर पाणी रेघेच्या दोन बोटं वर! नळ तर आज आलाच नव्हता. तेवढ्यात हंसाबेन दारातून म्हणाली, "भाभी, मेरे पास थोडा ज्यादा था, आपके में डाल दिया."

ज्यादा? या दिवसांत? म्हणजे चोरलेलं परत केलं, की रेघ पाहून स्वतःचं ओतलं? विचारू तरी कसं...

आणि रेघ खिळ्याची. पुसू म्हटलं तरी आता पुसायची नाही.