काकूंचे दोन्ही कान

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रात खुशाली लिहायची असते म्हणून लिहिते, मी बरी आहे. खरं म्हणजे परवा बेकरीत फिट आली. पावांचा ट्रे वाचला, जीभ चावली गेली. पुन्हा असं झालं तर दुसरं काम बघ, असं मालकांनी बजावलं.

रागावू नकोस, गोळ्या अर्ध्या करून घेत होते. माझे मोफत उपचार बंद झालेत. सरकारने आपल्यासारखं दुसऱ्यांच्या घरी ठेवून वाढवलेल्या मुलांना ते पंचविशीपर्यंत मिळतात, पण अठरा पूर्ण होईपर्यंत त्या घरी राहिलं असेल तरच. आपल्याला सांभाळणाऱ्या काकूंनीच सरकारी ऑफिसला कळवलंय की मी अठरा होण्याआधीच आत्याकडे राहायला गेले. ताई, आपल्याला आत्या कुठली? अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी माझी बॅग त्यांनीच दाराबाहेर ठेवली होती. सांभाळायला पुढची मुलगी लवकर मिळावी म्हणून मी आधीच गेले असं कागदावर दाखवलं, एवढंच. विचारायला गेले तर म्हणाल्या, झालं गेलं विसर. मी विसरत नाही. तक्रार करणार आहे.

तुझी,
भिंगरी

ता. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गोळ्यांचं पार्सल मिळालं असेल. पूर्ण गोळी घे, औषधाशी घासाघीस चालत नाही. तक्रार केलीस हे कळलं, उत्तम केलंस.

काल काकू आमच्या कानाच्या दवाखान्यात आल्या. मी इथे कान तपासते, हे त्या सगळीकडे मिरवतात. डॉक्टरीणबाईंनाही सांगून झालं, ही आमचीच पोर. मग मला बाजूला घेतलं. मुलगी आत्याकडे गेली का असं ऑफिसने फोनवर विचारलं तेव्हा नीट ऐकू आलं नाही, नुसतं हो हो म्हटलं, असं त्या चौकशीत सांगणार आहेत. त्यासाठी कान अधू असल्याचा दाखला हवा. धाकटीचं डोकं फिरलंय, पण थोरली खाल्ल्या मिठाला जागेल, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, बसा, तपासू.

बंद खोलीत हेडफोन लावून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काकू दगडासारख्या बसून राहिल्या, मोठ्या आवाजालाच काय ते दाबलं. असे लोक आमच्याकडे नेहमी येतात. आधी कुठल्या आवाजाला गप्प बसलो, हे दुसऱ्या फेरीत त्यांच्या लक्षात राहत नाही. दोन फेऱ्या जुळेनात. मग हेडफोन काढून मी त्यांच्या मागे गेले आणि पर्स उघडी असल्याचं अगदी हळू पुटपुटले. काकूंनी लगेच चेन ओढली. डॉक्टरीणबाई दारातच होत्या.

घरचं माणूस म्हणून मी सही केली नाही. बाईंनी स्वतः पुन्हा तपासून केली. दोन्ही कान ठणठणीत. मी पदरचं काही घातलं नाही. दाखल्याचं पाकीट देताना वाचून घ्या असं काकूंना एकदा म्हटलं. आपल्या पोरीवर विश्वास आहे म्हणाल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. दुसऱ्यांदा मी म्हटलं नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौकशीत काकूंनी ते पाकीट स्वतःच्या हाताने अधिकारी बाईंपुढे ठेवलं. बाईंनी वाचलं आणि काकूंनाच मोठ्याने वाचायला दिलं. दुसऱ्या ओळीवर त्यांचा आवाज बसला. मला हसू आलं, ते मी दाबलं नाही.

माझे उपचार पुन्हा सुरू झालेत, तू आता गोळ्या पाठवू नकोस. मग बाईंनी विचारलं, तुझं काम झालं, तक्रार इथेच मिटवायची की पुढे न्यायची? पुढे नेली तर काकूंना यापुढे कुणाचंच मूल सांभाळायला मिळणार नाही. बाहेर बसून विचार कर म्हणाल्या.

बाहेर काकूंनी माझा हात धरला. लहानपणी फिट येऊन गेली की रात्रभर मला कुशीत घेऊन कोण बसायचं, ते आठवतं का, म्हणून रडल्या. आठवतं, ताई. तेवढं माझं कुणीच केलं नाही. तसं मी त्यांना सांगितलं, आभार मानले, हात सोडवून घेतला आणि आत जाऊन तक्रार पुढे न्यायला सांगितलं.

निघताना मागचं दार उघडं होतं. मी पुढच्याच दाराने गेले, त्यांच्या समोरून, सावकाश.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी