वायरीचं लोंबतं टोक

३ मार्च, सोमवार

ताई माझ्या वेणीला रिबीन बांधायची, ते आज सकाळी एकदम आठवलं. शाळेचं फाटक, घंटेला दोन मिनिटं, आणि ही दातांत रिबीन धरून — "हलू नकोस गं माकडा!" दुहेरी गाठ, दोन सारख्या पाकळ्या, टोकं आत. कॉन्व्हेंटच्या सिस्टर दारातच उभ्या असायच्या. लोंबती रिबीन, सुटलेली नाडी — त्यांना काही म्हणता काही लोंबलेलं खपायचं नाही.

आठवायला निमित्त झालं. रेकॉर्ड रूमच्या कपाटात जुन्या फायली काढत होते. वरच्या फळीवर नेटवर्कची ती दिव्यांची पेटी आहे — स्विच म्हणतात तिला. तिच्यातून एक निळी वायर लोंबत होती, टोक मोकळं. शेजारीच एक खाच रिकामी. घातली! 'टक्' असा छान आवाज झाला. उरलेली वायर गुंडाळून फायलीच्या पांढऱ्या फितीनं बांधली, ताईच्या गाठीनं.

निवृत्तीला अठ्ठावीस दिवस. जाताना सगळं नीटनेटकं असावं.

४ मार्च, मंगळवार

काल लिहून वही मिटली, मान वर केली तर अख्खं ऑफिस बंद. कंप्यूटर, प्रिंटर, फोन — सगळं. गंमत म्हणजे फोनच्या पट्टीवर उजेड होता, पण कानाला लावला की मुका.

आमचा नेटवर्कवाला — त्याला सगळे जाळीवाला म्हणतात — धापा टाकत जिना चढून आला. सात वर्षं कंत्राटावर आहे. एकेक वायर उपसत अडीच तास कपाटात डोकं घालून बसला. साहेब दाराशी. "शनिवारी तूच इथं हात घातला होतास ना?" "हो सर, पण —" "पण नाही नि बिण नाही! शुक्रवारी कंत्राट बंद."

सगळा हॉल ऐकत होता. मी टाचण्यांची डबी उघडत होते नि मिटत होते.

माझ्या वायरीचा काही संबंध? छे! एक वायर, तीही रिकाम्या खाचेत!

५ मार्च, बुधवार

जीव थाऱ्यावर नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं. "मला ती पेटी समजावून सांग."

"आता कशाला मॅडम? महिन्याभरात सुटताय."

"सुटण्याआधी कळू दे की."

त्यानं स्टूल ओढलं. आधी मी उभीच होते, मग बसले. चोवीस खाचा. एकेकीतून एकेका टेबलाकडे वायर. हिरवा दिवा स्थिर, म्हणजे पलीकडे कुणीतरी जोडलंय. लुकलुकला, म्हणजे बोलणं चाललंय. फोनला वीजसुद्धा त्याच वायरीतून जाते — म्हणून सोमवारी उजेड होता नि आवाज नव्हता. आणि पेटीची आठवण पक्की! कोणत्या खाचेपलीकडे कोण, हे ध्यानात ठेवते आणि ज्याचं टपाल त्यालाच देते. ठाऊक नसलं तर सगळ्यांना विचारते.

"तुमच्यासारखीच, मॅडम. पाकिटावर नाव नसलं की तुम्ही हॉलभर ओरडता ना — हे कुणाचं गं बायांनो?"

हसले. किती दिवसांनी!

"मग बंद कशानं पडली?"

"शनिवारी नव्या टेबलासाठी एक वायर लावून ठेवली होती मी. दुसरं टोक मोकळं. ते कुणीतरी याच पेटीत घातलं. आता 'हे कुणाचं' ही हाक एका दारानं बाहेर पडते आणि दुसऱ्या दारानं आत येते. पेटीला वाटतं, नवी हाक. ती पुन्हा ओरडते. क्षणात हजारो हाका! खऱ्या टपालाला वाटच उरत नाही." चोवीसही दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते म्हणे. चांगल्या पेट्या असा फेरा ओळखतात, खाच आपोआप बंद करतात. "तशी मागितली होती. तीनदा."

ते तिन्ही अर्ज मीच फायलीत लावलेत.

कुणीतरी, म्हणाला तो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

६ मार्च, गुरुवार

चौतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक शेरा नाही. एकही नाही!

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले. दुसऱ्यांदा तेच म्हणाले, "या, या! तुमच्या निरोपाचं भाषण लिहितोय. 'शिस्त' हा शब्द किती वेळा घालू?" हसून परत आले. लाज वाटली.

शाळेत ख्रिस्ती मुली शुक्रवारी कन्फेशनला, फादरपुढं चुका कबूल करायला, रांग लावायच्या. आम्ही बाकीच्या पायरीवर बसून बघायचो. आत जाताना तोंडं एवढीशी, बाहेर येताना उड्या मारत. ताई म्हणायची, "आपल्याला नाही बाई ही सोय."

चार वाजता तो सामान जमा करायला आला. पक्कड, टेस्टर, ओळखपत्र. शेवटी खिशातून एक गोष्ट काढून टेबलावर ठेवली. पांढरी फीत — न कापता, न सोडता, गाठीसकट सरकवून काढलेली.

"ही तुमची."

"तुला माहीत होतं? सोमवारपासून?"

"अशी गाठ ऑफिसात दुसरं कोण बांधतं, मॅडम? एकूणएक फायलीवर आहे."

"मग बोलला का नाहीस रे?"

"मला कुठंही काम मिळेल. तुमचा निरोप एकदाच होणार."

मी यादीवर सही करेपर्यंत त्यानं कागद धरून ठेवला.

७ मार्च, शुक्रवार

वायर मीच घातली, हे लिहिलेलं बंद पाकीट साहेबांना, दहाच्या आत, भाषण पुरं व्हायच्या आधी. त्याची एक प्रत जाळीवाल्याच्या फायलीत, त्याचे तिन्ही अर्ज वर लावून. दुसरी माझ्या सेवापुस्तकात, शेऱ्याच्या पानाला. पक्कड, टेस्टर, ओळखपत्र — त्याचं त्याला परत. कपाटाची चावीही त्याच्याच हातात.

फीत ताईला. गाठ सोडायची नाही.